अ ते ट बिघडतात, ठ ते ह दिसतात: ब्राउझरमधल्या टर्मिनलात मराठीचा कचरा का होतो

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. सर्व्हरवर गावांच्या याद्या आहेत. फाइलींची नावं मराठी, आतला मजकूरही मराठी. पुटी या विंडोजवरच्या लॉगिन-प्रोग्रामातून लॉगिन केलं की सगळं नीट दिसतं. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मशीनवर पुटी टाकायची नाही म्हणून तुम्ही एक्सटर्म.जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून ब्राउझरमधलं टर्मिनल, म्हणजे सर्व्हरला आज्ञा देण्याची खिडकी, बांधलंत. मागे एक छोटा प्रोग्राम (बॅकएंड) शेलचं, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचं, आउटपुट वाचतो, बेस६४ करतो (बाइट साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत लिहितो) आणि वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या उघड्या जोडणीवरून, पाठवतो. इथे मात्र मराठी अक्षरांचा कचरा होतो. वर काही ओळी मध्येच तुटून खाली जातात, काही नावं अर्धी गिळली जातात. पेजमध्ये यूटीएफ-८ चा (यूनिकोड अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीचा) मेटा टॅग टाकून झाला, सर्व्हरचा लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) बदलून झाला, ढिम्म फरक नाही. मराठी टाइप करायला गेलं तर काहीच उमटत नाही. आणि शेवटी विचारलंय, "टर्मिनलला नेमका कुठला मोड लावू?"

मोडचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नातला कळीचा शब्द "बेस६४" आहे आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय.

ब्राउझर-टर्मिनलात एक अक्षर पडद्यावर यायला बऱ्याच हातांतून जातं. सर्व्हरवरचा प्रोग्राम बाइट लिहितो, कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) आभासी टर्मिनल ते पुढे देतं, तुमचा बॅकएंड ते वाचतो, वेबसॉकेट ते वाहून नेतं, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ते उचलते आणि एक्सटर्म.जेएसच्या हवाली करते. बाइटांचं अक्षर करण्याचं काम या सगळ्या वाटेवर एकाच ठिकाणी आणि एकदाच व्हायला हवं. बाकीच्यांनी पाकीट न फोडता पुढे द्यायचं. बहुतेक वेळा कुणीतरी मधल्यानेच पाकीट फोडलेलं असतं, आणि कोणी फोडलं ते कचऱ्याच्या तोंडावळ्यावरून ओळखता येतं. म्हणून मी कुणालाही सेटिंग बदलायला सांगण्याआधी कचरा नीट वाचायला सांगतो.

म हे अक्षर घ्या. यूनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९२ई. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं होतं; म चे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ई०, ए४, एई. आता कुणी हे तीन बाइट लॅटिन-१ म्हणून, म्हणजे एक बाइट एक अक्षर असं वाचलं, तर ई० चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, ए४ चं होतं ते चार पाय फुटलेलं गोल चलन-चिन्ह, आणि एई चं होतं वर्तुळातलं आर, नोंदणीकृत ट्रेडमार्कचं असतं ते. म्हणून देवनागरीचा हा कचरा एका नजरेत ओळखू येतो: तिरक्या रेघेचा ए पुन्हा पुन्हा, दर दोन चिन्हं सोडून. ण च्या जागी पाउंडाचं चिन्ह येतं, र च्या जागी अंशाचं, ल च्या जागी वर चढलेला २ आणि ळ च्या जागी वर चढलेला ३. यूनिकोडमधल्या देवनागरी यादीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे दीर्घ ईकारापासून पुढच्या मात्रा, ए४ ऐवजी ए५ ने येतात, म्हणून तिथे चलन-चिन्हाऐवजी जपानी येनचं चिन्ह दिसतं. ह्रस्व इकार चलन-चिन्हाच्या बाजूला आणि दीर्घ ईकार येनच्या बाजूला, अशी फाळणी नेमकी त्या दोघांच्या मधूनच गेली आहे.

इथपर्यंत नुसता कुरूप मजकूर. तुमच्या ओळी तुटतात त्याचं कारण वेगळं आहे.

लॅटिन-१ च्या तक्त्यात ८० ते ९एफ या ३२ जागा छापायच्या अक्षरांसाठी नाहीत, त्या नियंत्रणासाठी राखीव आहेत. व्हीटी२२० या जुन्या टर्मिनलाच्या, म्हणजे १९८३ च्या काळापासून टर्मिनलं या बाइटांना आज्ञा समजतात. ८५ आला की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जायचं. ९बी आला की आता रंग किंवा कर्सर हलवण्याची आज्ञा येणार असं धरायचं. ९डी आला की पुढचा मजकूर खिडकीच्या शीर्षकासाठी वगैरे आहे, तो छापायचा नाही. ९सी आला की तसा मजकूर संपला. आता देवनागरीकडे बघा. अ चा तिसरा बाइट ८५. छ चा ९बी. झ चा ९डी. ज चा ९सी. अ पासून ट पर्यंतची सगळी अक्षरं या धोक्याच्या पट्ट्यात पडतात आणि ठ पासून ह पर्यंतची सगळी पट्ट्याच्या बाहेर. मात्रांपैकी काना आणि ह्रस्व वेलांटी बाहेर, दीर्घ वेलांटीपासून पुढच्या आत. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी, त्याचा मूळ अर्थ "एक ओळ वर जा" असा आहे. म्हणजे जुन्या टर्मिनलाच्या नियमाने आपण अक्षराचा पाय मोडला की कर्सर वरच्या मजल्यावर!

माझ्याकडे ही तक्रार पहिल्यांदा आली ती एका प्रशिक्षण-वर्गातून. "सर, बीड लिहिलं की ठीक, अकोला लिहिलं की ओळ तुटते." मी आधी हसलो, मग दीड दिवस डोकं धरून बसलो. नेटवर्कवर संशय घेतला, ओळीच्या लांबीवर घेतला, कॅशवर घेतला. शेवटी कंटाळून जिल्ह्यांची नावं एकेक करून इको या आज्ञेने पडद्यावर छापत गेलो तेव्हा लक्षात आलं की अकोला आणि अमरावती तुटतात, लातूर, नांदेड, बीड तुटत नाहीत. अ ने सुरू होणारी नावं! तिथून तक्ता उघडून तिसरा बाइट बघायला दोन मिनिटं लागली. नंतर त्याच यादीत झरी नावाचं गाव निघालं. पडद्यावरून त्याचा आख्खा शब्द गेला होता, उरली होती फक्त सुरुवातीची दोन चिन्हं. झ ने "शीर्षक सुरू" असं सांगितलं, र त्यात गेला, आणि दीर्घ वेलांटीच्या ८० या बाइटाने तो दरवाजा बंद केला. तुमच्या यादीतली गिळलेली नावं तपासा. बहुतेकांत झ, छ, ऐ नाहीतर ॐ सापडेल.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडचं जुनं इस्की हे मानक, आयएस १३१९४, १९९१ सालचं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय भाषांसाठीच्या संगणक-तंत्रज्ञानाचा पाया इस्कीच. त्यात भारतीय अक्षरं मुद्दाम ए१ पासून पुढे मांडली होती, नियंत्रणाच्या पट्ट्याला हातही न लावता. त्यामुळे आठ बिटांच्या टर्मिनलावर ती कधी आज्ञा म्हणून वाचली जात नसत. यूटीएफ-८ ने ती काळजी घेतलेली नाही, कारण वाचणारा यूटीएफ-८ च वाचेल हे त्यात गृहीत आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ते रचलं तेव्हा अ‍ॅस्की (साधी इंग्रजी अक्षरं) सुरक्षित राहावं हा मुख्य आग्रह होता, आणि तो पूर्णपणे पाळला गेलाय. म्हणून इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता तुमच्या कोडकडे. ब्राउझरमध्ये बेस६४ उलगडायला तुम्ही जवळजवळ नक्कीच एटूबी हे फंक्शन वापरलंय. एटूबी बाइट देत नाही, स्ट्रिंग देतं, आणि त्या स्ट्रिंगमधलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाइट असतो. हेच ते लॅटिन-१ वाचन. ती स्ट्रिंग तशीच टर्मिनलच्या राइट या फंक्शनला दिलीत की एक्सटर्म.जेएसच्या दृष्टीने डिकोडिंग झालेलं आहे, कारण स्ट्रिंग आली की ती यूटीएफ-१६ अक्षरांची आहे असं ते धरतं. बाइटांचा अ‍ॅरे, म्हणजे यूइंट८अ‍ॅरे, दिला तर मात्र ते स्वतः यूटीएफ-८ म्हणून उलगडतं. दुरुस्ती त्यामुळे छोटी आहे: एटूबीच्या स्ट्रिंगमधल्या प्रत्येक अक्षराचा कोड यूइंट८अ‍ॅरेत भरा आणि तो अ‍ॅरे राइटला द्या. त्याहून चांगलं म्हणजे बेस६४ काढूनच टाका. वेबसॉकेटला बायनरी फ्रेम, म्हणजे कच्चे बाइट नेणारं पाकीट, असते. ती घ्या, बायनरी प्रकार अ‍ॅरेबफर ठेवा, जे येईल ते यूइंट८अ‍ॅरेत गुंडाळून थेट टर्मिनलला द्या. बेस६४ मुळे डेटा एक तृतीयांशाने फुगतो तोही वाचेल.

मेटा टॅगने काही झालं नाही, कारण तो पेजच्या एचटीएमएलपुरता आहे. वेबसॉकेटवरून येणाऱ्या बाइटांशी त्याचा काही संबंध नाही. लोकेल बदलूनही काही झालं नाही, कारण सर्व्हर आधीपासून बरोबरच बाइट पाठवत होता. दोन्ही उपाय चुकीचे नव्हते, दुसऱ्याच दुखण्यावरचे होते.

टाइप होत नाही याचं मूळही तिथेच, उलट दिशेने. जाताना तुम्ही बीटूए, म्हणजे एटूबीच्या उलट बेस६४ करणारं फंक्शन, वापरत असणार. त्याला २५५ पेक्षा मोठ्या क्रमांकाचं अक्षर दिलं की ते सरळ एरर फेकतं. एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि एक मराठी अक्षर टाइप करा, लाल ओळ दिसेल. ब्राउझरमधल्या टेक्स्टएन्कोडरने आधी अक्षरांचे बाइट करून घ्या आणि तेच बायनरी फ्रेममधून पाठवा.

माझा अंदाज चुकूही शकतो, कारण कोड मी पाहिलेला नाही. तेव्हा खात्री अशी करा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये वेबसॉकेटच्या फ्रेम बघा. फ्रेममध्ये बेस६४ असेल तर तो उलगडून बाइट बरोबर आहेत का ते बघा. असतील तर दोष ब्राउझरकडचा. फ्रेममध्येच कचऱ्याची अक्षरं असतील तर तुमच्या बॅकएंडने लॅटिन-१ म्हणून डिकोड केलंय. आणखी एक खूण आहे, ती मला फार आवडते. कुणी टेक्स्टडिकोडरला (ब्राउझरमधल्या, बाइटांची अक्षरं करणाऱ्या साधनाला) आयएसओ-८८५९-१, म्हणजे लॅटिन-१, असं नाव दिलं असेल तर ब्राउझर गुपचूप विंडोज-१२५२ वापरतो. वेबचं मानकच तसं सांगतं. त्या तक्त्यात ८५ म्हणजे तीन टिंबं. तेव्हा अकोला लिहिल्यावर ओळ तुटली तर खरं लॅटिन-१, म्हणजे एटूबी किंवा बॅकएंड. आणि ओळ न तुटता तीन टिंबं दिसली तर टेक्स्टडिकोडरचं चुकीचं नाव. झ मात्र दोन्हीकडे गिळतो, कारण विंडोज-१२५२ मध्ये ९डी रिकामाच आहे आणि तो नियंत्रण-बाइट म्हणूनच पुढे जातो.

एक शक्यता आत्ताच बाद करू: डेटाच खराब असण्याची. फाइलचे बाइट एक्सएक्सडी या आज्ञेने बघा. म च्या जागी ई० ए४ एई असेल तर फाइल शुद्ध. सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे सहा बाइट दिसले तर कुणीतरी पूर्वीच कचरा करून तोच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये जतन केलाय, आणि मग टर्मिनल बिचारं निर्दोष आहे. विम या संपादकात असाल तर अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ८ दाबा, खाली बाइट दिसतात. तुमच्या बाबतीत पुटीत बरोबर दिसतंय, म्हणजे हे नसावं. आणि कचऱ्यात साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हंच असतील तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. त्याला कुठलंही टर्मिनल सरळ करणार नाही, आधी यूनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल.

हे दुरुस्त करताना बाइट थेट टर्मिनलला न देता मधेच स्ट्रिंग केलेत तर पुढचा दोष वर येईल. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्या सल्ल्यानेच बिघडलं असं वाटेल. छोट्या फाइली नीट दिसतील, पण मोठी फाइल कॅट केली (कॅट या आज्ञेने पडद्यावर ओतली) की अधूनमधून काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसेल, दोन-तीन एकदम. हा तुकड्यांचा प्रकार आहे. बॅकएंड एका वेळी ४०९६ बाइट वाचतो असं धरा. ४०९६ ला ३ ने भागलं की १ उरतो. म्हणजे सलग देवनागरी मजकुरात पहिल्या तुकड्याच्या टोकाला एक अक्षर तुटणारच: त्याचा एक बाइट अलीकडे, दोन पलीकडे. बॅकएंडने प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे स्ट्रिंग केला की दोन्ही बाजू निकामी होतात. तोच तुकडा बाइट म्हणून टेक्स्ट फ्रेममध्ये टाकलात तर त्याहून वाईट: वेबसॉकेटचं मानक, २०११ चं आरएफसी ६४५५, सांगतं की टेक्स्ट फ्रेममध्ये अशुद्ध यूटीएफ-८ आलं तर कनेक्शन तोडायचं, कोड १००७. "मराठी फाइल कॅट केली की टर्मिनल डिस्कनेक्ट होतं" ही तक्रार मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकली आहे आणि तिन्ही ठिकाणी हेच निघालं. बायनरी फ्रेम वापरलीत तर हा प्रश्न उरत नाही, कारण एक्सटर्म.जेएस अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यापर्यंत जपून ठेवतं. बॅकएंडमध्ये स्ट्रिंग करणं भागच असेल, समजा लॉग ठेवायचाय, तर नोडमध्ये स्ट्रिंगडिकोडर आणि पायथनमध्ये इन्क्रिमेंटल डिकोडर वापरा. साधं डिकोड नको.

इथपर्यंतचं थोडक्यात: तिरक्या रेघेचे ए दिसले तर कुणीतरी लॅटिन-१ वाचलंय, ओळी तुटल्या तर ते खरं लॅटिन-१ आहे, काळी प्रश्नचिन्हं दिसली तर तुकड्यांच्या सांध्यावर अक्षर तुटलंय. तिन्हींवर उपाय एकच, बाइट बाइटच ठेवून टर्मिनलपर्यंत न्या.

सर्व्हरकडचे दोष वेगळे दिसतात. तुम्ही पुटीतून येता तेव्हा लॉगिन होताना लँग वगैरे, लोकेल ठरवणारी व्हेरिएबल बसतात. ब्राउझर-टर्मिनलाचा बॅकएंड बहुधा सिस्टमडी सेवा म्हणून (लॉगिनशिवाय पार्श्वभूमीत) किंवा डॉकरमध्ये (वेगळ्या बंद डब्यात) चालतो, तिथे लँग रिकामाच असू शकतो आणि शेल पॉझिक्स लोकेलात, म्हणजे फक्त साध्या इंग्रजीच्या सेटिंगमध्ये, उघडतो. मग फाइलींची यादी देणारा एलएस मराठी नावांऐवजी उलट्या तिरक्या रेघेसह आकडे दाखवतो, ३४० २४४ २५६ असे. ते म चेच बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत. लेस हा प्रोग्राम कंसांत ई०, ए४ असं लिहितो. टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) मराठीच्या जागी अधोरेघा भरतो. यांपैकी काही दिसलं तर ब्राउझरला हात लावू नका, सेवेच्या व्याख्येत एलसी_सीटाइप हे सी.यूटीएफ-८ करा. एलसी_ऑल ला मराठी लोकेल लावण्याचा मोह टाळा. त्याने क्रमवारी आणि संदेशांची भाषाही बदलते, आणि इंग्रजी आउटपुट गृहीत धरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट रात्री दोन वाजता फोन करायला लावतात. टीमक्सला वजा यू हा पर्याय देता येतो, पण लोकेल बरोबर असेल तर गरज पडत नाही. एक फसवा प्रकार गिटचा: सगळं बरोबर असूनही गिट स्टेटसमध्ये मराठी नावं अष्टमान आकड्यांत दिसतात. तो बिघाड नाही, गिटची ती मुळातलीच सवय आहे, कोअर.कोटपाथ फॉल्स केलं की जाते.

बॅकस्पेसची गोष्टही सर्व्हरकडचीच. नुसतं कॅट चालवा, म टाइप करा, एकदा बॅकस्पेस दाबा आणि एंटर मारा. पुसलेल्या अक्षराचे अवशेष आले तर कर्नलला हे टर्मिनल यूटीएफ-८ आहे हे कुणी सांगितलेलं नाही. एसटीटीवाय या टर्मिनलच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेला आययूटीएफ८ सांगा. नोड-पीटीवाय ही तयार लायब्ररी हे स्वतः करते; हाताने लिहिलेल्या बॅकएंडात ते हमखास राहून जातं.

आता तुमचा मोडचा प्रश्न, कारण तो अगदीच निराधार नाही. टर्मिनलात अक्षरसंच बदलण्याचे मोड खरोखर असतात. एस्केप, उघडा कंस, शून्य असा क्रम गेला की टर्मिनल रेघा काढायच्या संचात जातं आणि रोमन क्यू ची आडवी रेघ, एक्स ची उभी रेघ, एल, के, एम, जे यांचे कोपरे होतात. एस्केप, उघडा कंस, बी ने परत येतं. चुकून बायनरी फाइल कॅट केलीत आणि प्रॉम्प्ट रेघोट्यांचा झाला तर हेच झालेलं असतं. न बघता रीसेट टाइप करून एंटर मारा. उलट प्रकारही असतो: चौकटीच्या रेघांऐवजी एल, क्यू, क्यू, क्यू, के अशी अक्षरं दिसतात, कारण प्रोग्राम संच बदलायला सांगतो आणि टर्मिनल यूटीएफ-८ मध्ये ते ऐकत नाही. तिथे एनकर्सेसला (टर्मिनलात चौकटी काढणाऱ्या लायब्ररीला) एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस हे व्हेरिएबल १ करून दिलं की तो यूनिकोडच्याच रेघा पाठवतो. पण या सगळ्याचा देवनागरीशी संबंध नाही. मराठी दिसत नाही म्हणून अक्षरसंचाचे मोड फिरवत बसणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बल्ब बदलणं.

राहिला दिसण्याचा भाग. इथे मी तुम्हाला पूर्ण समाधान देऊ शकत नाही. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चिन्ह एका घरात, काही शून्य घरांत. मार्कस कून यांचा डब्ल्यूसीविड्थ हा जुना हिशेब अजून बहुतेक ठिकाणी चालतो. त्यात उकार, डोक्यावरच्या एक-दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शून्य घरं, पण काना आणि दोन्ही वेलांट्यांना एकेक घर. त्यामुळे पुणे दोन घरांत बसतं, मराठी पाच घरं खातं, आणि स्त्री हे एकच अक्षर चार घरं. एक्सटर्म.जेएसचा वेबजीएल रेंडरर (पडदा रंगवणारा भाग) प्रत्येक घर सुटं रंगवतो, म्हणून जोडाक्षर फुटतं आणि ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर टिंबांच्या वर्तुळाला धरून उभी राहते. डॉम रेंडरर एका शैलीची अक्षरं बहुतेकदा एकत्र देतो, मग ब्राउझर ती जोडू शकतो. मराठीचं काम जास्त असेल तर मी डॉमच ठेवतो. थोडा हळू, पण वाचता येतं. फॉन्टही बघा: कोडिंगच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते, ब्राउझर दुसरीकडून उसनी आणतो आणि ती घरात मावत नाही. फॉन्टच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर देवनागरीचा फॉन्ट स्वतः नाव घालून द्या.

एक्सटर्म.जेएसला अक्षरगुच्छ मोजणारी जोड मिळते आणि २०२३ च्या यूनिकोड १५.१ पासून क्ष, स्त्र सारखी जोडाक्षरं एक गुच्छ धरण्याचा नियमही आला आहे. ती जोड लावली की दिसायला सुधारतं. पण बॅश, म्हणजे नेहमीचा शेल, सर्व्हरवर बसून जुन्याच हिशेबाने घरं मोजत असतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत की ओळ दुरुस्त करताना कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पुसलं जातं. नुसतं वाचायचं टर्मिनल असेल तर जोड लावा, टाइप करायचं असेल तर नको, असं माझं मत. दोन्ही बाजू सारखं मोजतात हे सुंदर दिसण्यापेक्षा महत्त्वाचं.

तक्त्यांचं म्हणाल तर मी एक साधी युक्ती वापरतो: मराठी स्तंभ नेहमी शेवटी. क्वेरीतच आकडे आणि कोड आधी घ्या, गावाचं नाव सर्वांत उजवीकडे. मग ते कितीही घरं खाऊ दे, त्याच्यानंतर सरकायला काही उरत नाही. सुबक तक्ता साहेबांना दाखवायचा असेल तर तो टर्मिनलात दाखवू नका, सीएसव्ही काढून द्या.

बदल केलेत की अकोला, झरी आणि स्त्री हे तीन शब्द इको करून बघा. पहिल्याने ओळ तोडली नाही, दुसरा पूर्ण दिसला आणि तिसऱ्याने चार घरं घेतली तर काम झालं. नाही झालं तर त्या तीन ओळींत नेमकं काय दिसलं ते आणि त्या वेळची वेबसॉकेटची एक फ्रेम टाका, पुढचं त्यावरून सांगतो.